पोट्ट्यांचा गोल्फ

मला गोल्फ शिकवायला बोलावलं तेव्हा मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. हे मी क्लबच्या सेक्रेटरींना फोनवर स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला लहान मुलं सांभाळता येतात ना? मग झालं. गोल्फचं आम्ही बघू." त्यानंतर गोल्फचं त्यांनी काहीही बघितलं नाही.

मी वरोऱ्याची. खो-खो खेळून मोठी झाले आणि चंद्रपुरातल्या एका शाळेत पीटीची मास्तरीण म्हणून लागले. शहराबाहेर एका कंपनीची कॉलनी आहे, तिथे साहेबलोकांसाठी गोल्फचं लहानसं मैदान. नऊ भोकं. चेंडू काठीनं मारत मारत एकेका भोकात घालायचा, कमीत कमी फटक्यांत. एवढाच खेळ. हे समजायला मला पाच मिनिटं लागली. एवढ्यासाठी मोठी माणसं पांढरी पँट का घालतात, हे अजून समजलेलं नाही. मैदानाच्या एका अंगाला धुराडी, दुसऱ्या अंगाला झुडपी जंगल. पांढरा चेंडू तिसऱ्या भोकापर्यंत राखाडी होतो. मे महिन्यात गवत सुकतं आणि साहेबही.

दर रविवारी सकाळी सात वाजता माझ्या ताब्यात आठ मुलं यायची, पाच ते नऊ वर्षांची. पहिल्या रविवारी मी गळ्यात शिट्टी अडकवून गेले. मला जे येत होतं ते मी केलं. रांग लावली, हाताचं अंतर घ्यायला लावलं, काठी कशी धरायची ते आदल्या आठवड्यात मोबाईलवर बघून पाठ केलं होतं ते म्हणून दाखवलं, आणि "एक" म्हटलं की काठी मागे, "दोन" म्हटलं की खाली, असं सुरू केलं. पंधरा मिनिटांत दोघांची तलवारबाजी लागली. एक जण मुंग्यांच्या वारुळाजवळ पालथा पडला होता. सर्वात बुटकी मुलगी रडत होती, कारण तिच्या हातातली काठी तिच्याहून उंच होती. मी शिट्टी मारली. ती आणखी मोठ्यानं रडायला लागली.

मैदानाची देखभाल करणारे एक भाऊ होते. साठीला टेकलेले, सावली तालुक्यातल्या एका गावचे, डोक्याला पंचा. पालापाचोळा ओढायच्या दाताळ्यावर हनुवटी ठेवून ते हा सगळा तमाशा बघत होते. मुलं गेल्यावर जवळ आले.

"बाई, हे काय पोलीस भरती हाये का?"

मी म्हटलं, "मग काय करू, भाऊ? मला तरी कुठे येतं?"

"थे तं दिसूनच राह्यलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुमी पोट्ट्यायले उभं राहाले शिकवून राह्यल्या. त्यायले चेंडू भोकात पडलेला अजून दिसला बी नाई. पयले थे दाखवा."

पुढच्या रविवारी शिट्टी घरी ठेवली. भाऊंनी कॉलनीच्या वर्कशॉपमधून जुन्या काठ्या कापून आणल्या होत्या, मुलांच्या कमरेला येतील एवढ्या. सोबत चार घमेली, दोन टायर आणि बूड गेलेली एक बादली. घमेली आडवी टाकली आणि मुलांना त्यांच्यापासून एका पावलावर उभं केलं. एका पावलावरून कोण चुकणार? चेंडू घमेल्यात गेला की टण्ण आवाज यायचा. पहिला टण्ण झाला आणि आठही डोकी तिकडे वळली. मग नियम केला: टण्ण झालं की एक पाऊल मागे, चुकलं की एक पाऊल पुढे. रांग नाही, ज्याचं त्याचं घमेलं, दोघांत एक. पुढे कोणी उभं असेल तर काठी उचलायची नाही, एवढा एकच कडक कायदा; तो मोडला की पाच मिनिटं भाऊंच्या दाताळ्याशेजारी बसायचं. तिथे बसणं हीसुद्धा पुढे चैन झाली, कारण भाऊ अस्वलाच्या गोष्टी सांगायचे. मग शिक्षा बदलावी लागली.

काठी धरण्याचं माझं पाठांतर भाऊंनी एका वाक्यात निकालात काढलं. मुलांना म्हणाले, "लहान भावाले अंगणवाडीत नेता ना, तसा हात धरा. लय आवळला तं रडते, सोडला तं पळते." सहा वर्षांच्या पोराला हे समजलं. मला स्वतःलाही त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

आणखी एक गोष्ट मी भाऊंकडून शिकले, आणि ती शाळेतही उपयोगी पडली. मुलं "अजून एक, अजून एक" करायला लागली की तिथेच थांबायचं. "पोट भरू देऊ नका," ते म्हणायचे. "उपाशी पोट्टं पुढच्या रविवारी धावत येते."

पोटावरून आठवलं. आमच्यात सात वर्षांचा एक गोलमटोल मुलगा होता. त्याचं सगळं लक्ष क्लबच्या कँटीनकडे, तिथल्या झणझणीत तर्री ओतलेल्या पोह्यांकडे. एकदा काठी मागे नेताना तो "तर्री" म्हणाला आणि खाली आणताना "पोहे". चेंडू सरळ गेला, आजवर कधी गेला नव्हता एवढा. का, ते मला नंतर उमगलं. "तर्री" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी काठी शांतपणे मागे जाते. घाई होत नाही. झालं, त्या दिवसापासून सगळं मैदान तर्री-पोहे करायला लागलं. शेजारून जाणारे साहेबलोक दचकायचे. मुलांचे फटके मात्र दर आठवड्याला लांब पडायला लागले.

सर्वात छान खेळायची ती पहिल्या दिवशी रडलेली मुलगी. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मारण्याआधी चेंडूशी बोलायची. "जा बरं सरळ, मध्ये थांबू नको," असं काहीतरी. आणि तो जायचा. दोन महिन्यांत ती तीस पावलांवरून टायरात चेंडू टाकायला लागली. मी हे कौतुकानं तिच्या वडिलांना सांगितलं, आणि तिथे चुकले.

वडील कंपनीत इंजिनिअर. मूळचे वरोऱ्याजवळच्याच एका खेड्यातले, कापूस-सोयाबीनवाल्या घरातले. पण माझ्याशी इस्त्री केलेल्या मराठीत बोलायचे. पुढच्या रविवारी ते मोबाईल घेऊन आले. त्यात मुलीचा फटका संथ गतीत दिसायचा आणि तिच्या अंगावर लाल रेघा उमटायच्या. खांदा इथे हवा, कोपर तिथे हवं. मग नागपूरहून नवीन काठ्यांचा संच आला, गुलाबी हातमोजा आला, टोपी आली. तर्री-पोह्यांवर त्यांनी हरकत घेतली.

"मॅडम, हे जरा हास्यास्पद वाटत नाही का?"

"वाटतं ना," मी म्हटलं. "म्हणूनच करतात."

ते हसले नाहीत. ते मुलीमागे उभे राहायचे आणि प्रत्येक फटक्यानंतर सांगायचे, "बेटा, कोपर." मुलीचं चेंडूशी बोलणं थांबलं. मग चेंडूनं ऐकणं थांबवलं. एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "मॅडम, माझा हात दुखतो." उजवा हात धरला होता. वडील काही आणायला गाडीकडे गेले तेव्हा तिनं त्याच हातानं मुंग्यांच्या वारुळात काडी घातली. ते परत येताना दिसले आणि तिनं घाईत डावा हात धरला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण मलाही हाव सुटली होती. क्लबच्या वार्षिक दिवशी मुलांची स्पर्धा होणार होती, मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब बक्षिसं देणार होत्या, आणि खो-खोच्या मास्तरणीनं तयार केलेली पोरगी जिंकली तर सेक्रेटरींचा चेहरा कसा होईल हे मी रोज आंघोळ करताना बघत होते. मीच तिला म्हटलं होतं, "तूच जिंकणार बघ." तिनं मान हलवली. आनंदानं नाही, इंजेक्शन टोचून घ्यायला मान हलवतात तशी.

स्पर्धेच्या सकाळी सहाला भाऊंचा फोन आला. "बाई, लवकर या. डुकरं येऊन गेले."

मैदान उकरलेलं होतं. पाहुण्यांसाठी आठवडाभर पाणी देऊन जो पट्टा मऊ केला होता, नेमका तोच. रानडुकरांचा अख्खा कळप किडे शोधत गेला असावा. गवताचे गालिचे उलटे पडले होते, गुडघाभर खड्डे. सेक्रेटरी मध्यभागी उभे होते, पांढऱ्या पँटीत, आणि कोणाला तरी फोनवर "वाइल्ड बोअर सर, बोअर" असं सांगत होते. त्यांना स्पर्धा रद्द करायची होती.

तेवढ्यात मुलं आली. खड्डे बघून ती जी ओरडली, तसा आनंद मी त्या मैदानावर कधी ऐकला नव्हता. गोलमटोल पोरगा पहिल्या खड्ड्यात उतरलासुद्धा. फक्त ती मुलगी वडिलांचा हात धरून उभी होती. पोट दुखतं म्हणत होती.

मला काय सुचलं कोण जाणे. मी सेक्रेटरींना म्हटलं, "रद्द नको. आई-बापांना खेळवू. जोडीनं. एक फटका लेकराचा, एक पालकाचा. खड्ड्यात गेला तर खड्ड्यातून मारायचा."

"पालकांना खेळता येत नाही, मॅडम."

"तेच तर."

भाऊ मागे उभे होते. ते म्हणाले, "साहेब, बाईसाहेब येऊन राह्यल्या. त्यायले खड्डे दाखवता का खेळ दाखवता?" सेक्रेटरींनी घाम पुसला आणि हो म्हटलं.

मुलीनं पहिला फटका मारला. बरा गेला. दुसरा वडिलांचा. त्यांनी खांदा बघितला, कोपर बघितलं, गुडघे वाकवले, आणि काठी चेंडूच्या वरून हवेत फिरवली. चेंडू जागेवर. मागे कोणीतरी हसलं. त्यांनी पुन्हा मारला. चेंडू चार हात उडून खड्ड्यात पडला.

"अबे!" इंजिनिअर साहेब ओरडले. "हे काय होऊन राह्यलं बे!"

इस्त्री एका क्षणात उतरली. मुलीनं डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघितलं. तिनं खड्ड्यातून चेंडू ढकलून काठापर्यंत आणला. त्यांनी पुन्हा मारला, तो पुढच्या खड्ड्यात.

"मले नाई जमत," ते म्हणाले, आणि खड्ड्याच्या काठावर खाली बसले. पँटीला चिखल.

मुलगी त्यांच्याजवळ गेली. आपल्याला वाटेल, आता कोपर म्हणेल. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर्री म्हणतच नाही ना." मग त्यांचे दोन्ही हात काठीवर ठेवून दिले, स्वतः बाजूला झाली आणि सांगितलं, "मोठ्यानं म्हणा."

सगळे बघत होते. बाईसाहेबही आल्या होत्या. इंजिनिअर साहेबांनी घसा साफ केला आणि काठी मागे नेत म्हटलं, "तर्री..." पुढचा शब्द आम्हाला ऐकू आला नाही, कारण मुलं त्यांच्या आधी ओरडली. चेंडू फार लांब गेला असं नाही. सरळ गेला. मुलगी इतकी हसली की तिचा श्वास अडकला, आणि तिच्या वडिलांनी उडी मारली, वावरात डुक्कर हाकलताना मारतात तशी.

ती दोघं शेवटून दुसरी आली. जिंकली एका अकाउंटंट बाईंची आणि त्यांच्या मुलाची जोडी. बाई साडी खोचून खेळल्या होत्या.

संपल्यावर इंजिनिअर साहेब माझ्याकडे आले. चिखल तसाच. म्हणाले, "मॅडम, लय अवघड हाये हो."

"हो ना."

"मी तिले तीन महिने..." ते मध्येच थांबले. मग म्हणाले, "माझ्या बाबांना माझी इयत्तासुद्धा माहीत नसायची. मी ठरवलं होतं, आपण असं नाही करायचं. आपण पूर्ण लक्ष द्यायचं."

मी म्हटलं, "माझंही चुकलं. मीच तिला जिंकणार म्हटलं होतं." मग मी विचारलं, "पुढच्या रविवारी येता का? मुलांच्या नंतर. मोठ्यांचा वर्ग घेते."

ते आले. मोबाईल गाडीत राहायचा. निदान पहिले दोन महिने. त्यानंतर मी त्यांना झाडाआड उभं राहून स्वतःच्याच फटक्याचं चित्रीकरण करताना पकडलं. स्वतःच्या अंगावर रेघा काढायला माझी हरकत नव्हती.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. नागपूरला दोनदा खेळायला गेली. एकदा मधोमध आली, एकदा मधोमधच्या जरा वर. परत येताना गाडीत काय बोललीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "पप्पांना समजावत होते." गोलमटोल मुलगा उंच झाला आणि क्रिकेटकडे गेला, तरी बॅट मागे नेताना ओठ हलवतो म्हणे.

भाऊ मागच्या वर्षी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, सेक्रेटरींचं भाषण झालं. शेवटी कोणीतरी विचारलं, भाऊ, काही हवंय का? ते म्हणाले, एक फटका मारून पाहतो. इतक्या वर्षांत त्यांनी त्या मैदानावर एकदाही काठी फिरवली नव्हती, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. कधी विचारलंच नाही. नव्या-जुन्या मुलांनी त्यांच्याभोवती गराडा घातला, आणि चौदा जणांनी एकाच वेळी चौदा सूचना दिल्या. भाऊंनी शाल खांद्यावर सारली, सगळ्यांना मागे जायला लावलं आणि मारला. चेंडू उजवीकडे झुडपात गेला. मुलं शोधायला पळाली.

"राहू द्या रे," भाऊ म्हणाले. "लोकायचे लय शोधले. माझा राहू द्या तिथीच."

मुलांनी ऐकलं नाही. दुपार होईपर्यंत झुडपं धुंडाळत राहिली, आणि मी पालकांना फोन करत बसले की जेवायला उशीर होईल.