साडेपाच थरांचा सौदा

नांदेडला निघताना पोरीनं घातलेली अट मला अजून झोंबते. "अप्पा, तिथं तोंड उघडायचं न्हाई. तुम्ही भडकलात की माझी डिग्री गेली." लातुरात वायरचं दुकान मी भंगारातून उभं केलं ते याच तोंडावर. तरी गेलो.

विद्यापीठात तिच्या पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा होती. खुली म्हणजे ऐकायला आलेला कुणीही प्रश्न विचारू शकतो, हे तिथं गेल्यावर कळलं. तिचा विषय एक स्फटिक. अभ्रकासारखा थराथरांचा, चिकटपट्टी लावून सोलायचा. आतून वीज जात नाही, पृष्ठभागावरून जाते. माझ्या वायरच्या बरोबर उलट! पोरगी कागदाकडं बघत पुटपुटत होती. बाहेरून आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालून बसलेले. मी दहा मिनिटं सोसलं आणि उठलो.

"मुलामा हाय हा! विकणाऱ्यानं फसवलंय. चाकूनं खरवडून बघा."

पोरीचा चेहरा पांढराफटक. परीक्षक म्हणाले, "प्रश्न योग्य आहे. उत्तर द्या."

"खरवडलं की खाली नवा पृष्ठभाग उघडा पडतो, त्याच्यावरूनही वीज जाते," ती दात आवळून म्हणाली. "आतली रचनाच तशी आहे. स्फटिक संपून हवा सुरू होते तिथं इलेक्ट्रॉनला वाट मिळतेच. आणि वाटेत खड्डा आला तरी तो आल्या पावली मागं फिरत नाही."

"मग आतला माल फुकटचं वजन. पातळ कर. शंभर थरांत भागतं?"

"भागतं."

"पन्नास?"

"भागतं."

"दहा?"

"भागतं, अप्पा!"

"पाच?"

"न्हाई! तेवढं पातळ केलं की वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात, वाट बंद. सहाच्या खाली येणार न्हाई."

"साडेपाच कर."

"थर अर्धा होत न्हाई!" ती टेबलावर हात आपटून ओरडली.

परीक्षकांना हसू आवरेना. "आज पहिल्यांदाच बाई कागद न बघता बोलल्या," म्हणाले, आणि पदवीची शिफारस केली.

परतीच्या एसटीत अहमदपूर मागं पडल्यावर ती म्हणाली, "आणि मी मधेच अडले असते तर?"

"चेहरा बघूनच भाव पाडतो मी. तुझा चेहरा दहा थरांना पडला असता, तर दहालाच सौदा मिटवला असता."