शिट्टी वाजली की थांबायचं

माझी बायको म्हणायची, लोकांना सर्दी होते तशी मला सेफ्टी झाली आहे. रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होतो. दिवसभर तिथे जे करायचो तेच संध्याकाळी शारजाला घरी येऊन करायचो. अल नहदातल्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सगळ्या खिडक्यांना जाळ्या होत्या, ओट्याजवळ आग विझवायचं नळकांडं होतं, आणि मुलगी स्टुलावर चढली की ते धरायला खाली एक माणूस उभा लागायचा. दहा वर्षांची होईपर्यंत तिने एकटीने एकही रस्ता ओलांडला नव्हता. याचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल केलेलं बरं.

कारखान्यात माझी एक शिट्टी होती. आमचे कामगार बंगाली, मलयाळी, पठाण, नेपाळी. ‘सांभाळ’ हे चार भाषांत ओरडून होईपर्यंत फोर्कलिफ्ट माणसाच्या अंगावर जायची. म्हणून मी नियम काढला. एक लांब शिट्टी ऐकू आली की प्रत्येकाने असेल तिथे थांबायचं. वळून बघायचं नाही, कारण विचारायचं नाही. सुरुवातीला लोक हसले. मग एका दुपारी टाइल्सच्या चळतींमागून फोर्कलिफ्ट उलटी येत होती आणि तिच्या वाटेत एक म्हातारा पठाण खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. मी शिट्टी वाजवली, गाडी थांबली. दोघांमध्ये वीतभर जागा उरली होती. त्या दिवसापासून हसणं बंद झालं. पठाण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर खजुराचा डबा ठेवून गेला.

हाच नियम मी मुलीलाही शिकवला. आमच्या बिल्डिंगसमोर मोकळ्या वाळूवर गाड्या लागायच्या आणि त्याच गाड्यांमधून पोरं सायकली हाकायची. ती पाच वर्षांची असल्यापासून मी तिथे शिट्टी घेऊन उभा राहायचो. शिट्टी वाजली की थांबायचं, बस. ती इतकी पटकन थांबायची की बाकीच्या पोरांना तो स्टॅच्यूचा खेळ वाटायचा. शेजारच्या केरळी बाई बाल्कनीतून बघून हसायच्या. मी मनात म्हणायचो, हसा, तुमच्या पोरांना कोणी हाक मारली तर तीनदा ‘व्हॉट?’ विचारतात.

मग दुबईतल्या एका मॉलमध्ये बर्फाचा डोंगर झाला. बाहेर अंगाची लाही आणि आत शून्याखाली, छताखालून लोक वरून खाली घसरताहेत. मला ते ऐकूनच कारखान्यातली अपघातांच्या रिपोर्टची वही आठवली. पण मुलीच्या वर्गातल्या निम्म्या मुली तिथे जाऊन आल्या होत्या.

“बाबा, एव्हरीवन हॅज गॉन.”

“एव्हरीवन माझी मुलगी नाहीये.”

“दॅट्स सो अनफेअर!”

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “जाऊ दे की तिला. वाळूत काही करू देत नाहीस, आता बर्फातही नको. मग तिने पाय टाकायचा तरी कुठे?”

मी अट घातली: आधी मी पाहणी करणार. दोन शुक्रवार, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मी एकटा त्या मॉलमध्ये गेलो आणि जिच्यातून उतार दिसतो त्या काचेपाशी कॉफी घेऊन, वही उघडून बसलो. कोण पडतं, कुठे पडतं, कसं पडतं, सगळं टिपलं. खरं सांगायचं तर मला खोट काढायची होती आणि ती सापडत नव्हती. हेल्मेट होती, लाल जाकिटातली माणसं सतत उतारावर लक्ष ठेवून होती. नियमांची पाटी इतकी नेटकी लिहिली होती की माझ्या हातून याहून बरी झाली नसती.

ती पाटी मी वहीत उतरवून आणली आणि मुलीकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली. पुढे खाली जो आहे त्याचा हक्क पहिला; मागून येणाऱ्याने त्याला चुकवायचं. निघायच्या आधी वर बघायचं. पेलवेल तेवढ्याच वेगाने जायचं. थांबायचं तर कडेला जाऊन, उताराच्या मध्यावर कधीच नाही. या शेवटच्या नियमाखाली मी लाल पेनने दोन रेघा ओढल्या होत्या. तीच वही आजही माझ्याकडे आहे, आणि ते पान मला उघडवत नाही.

शिकवणारा हिमाचलचा होता, चाळिशीचा, शांत. लहानपणी गावात लाकडी फळ्या पायाला बांधून घसरायचा, असं त्याने सांगितलं. मी त्याला बुटांच्या पकडीबद्दल इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी एक स्की काढून माझ्या हातात दिली आणि “आप खुद देख लो, सर” म्हणाला. तीन शुक्रवार त्याने तिला शिकवलं. आधी पडायला, मग उठायला, मग स्कींची पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करायला, मग वळायला. मी बाहेर काचेला नाक लावून. तिसऱ्या शुक्रवारी ती एकदाही पडली नाही. घरी येताना गाडीत ती सबंध रस्ता बोलत होती, आणि आरशात तिचा चेहरा बघून मला वाटलं, आपण हिला इतकं खूश कधी पाहिलंच नव्हतं. थोडं वाईटही वाटलं.

चौथ्या शुक्रवारी तिला खुर्च्यांच्या लिफ्टने अर्ध्या उंचीवर जाऊन तिथून खाली यायचं होतं. शिकवणारा तिच्यासोबत वर जाणार होता, पण खाली तिने आपली आपण यायचं, तो मागे राहणार.

मी विचारलं, “पक्का तयार है?”

तो म्हणाला, “बच्ची तैयार है, सर. आप तैयार नहीं हो.”

बायको खो खो हसली. मला राग आला. त्या दिवशी मी काचेबाहेर थांबलो नाही. शेजारच्या बर्फात खेळायच्या भागाचं तिकीट काढलं, त्यांचं जाकीट चढवलं आणि उताराच्या पायथ्याशी कुंपणाला टेकून उभा राहिलो. शिट्टी गळ्यात होती. ती मी मुद्दाम आणली होती, आणि बायकोला सांगितलं नव्हतं.

ती निघाली. निळी पँट, पांढरं हेल्मेट. निघण्याआधी तिने वर बघितलं, हे मी पाहिलं आणि मनात शाबास म्हणालो. पहिलं वळण, दुसरं वळण. मग मला दिसलं की तिच्या वाटेत खाली एक गलेलठ्ठ गृहस्थ पडले आहेत आणि त्यांना उठता येत नाहीये. ती सरळ त्यांच्याच रोखाने येत होती. विचार केला असं म्हणता येणार नाही. हात गळ्याशी गेला आणि मी एक लांब शिट्टी वाजवली.

ती थांबली. उताराच्या अगदी मध्यावर, स्की आडव्या करून, ताठ. मी शिकवलं होतं तशी.

आणि मागून स्नोबोर्डच्या फळीवर येणारा एक माणूस तिच्यावर आदळला. त्याने वळायचा प्रयत्न केला, तेही मी पाहिलं. दोघं बर्फावरून गडगडत आले. तो उठून बसला. ती उठली नाही.

कुंपण मी कसं ओलांडलं ते मला आठवत नाही. मी पोचेपर्यंत लाल जाकिटातले दोघे तिच्यापाशी होते. ती शुद्धीवर होती, डोक्याला काही नव्हतं, पण डावं मनगट भलत्याच कोनात होतं आणि ती ओठ चावून रडू दाबत होती. मी त्या स्नोबोर्डवाल्याकडे वळलो. माझ्याच वयाचा फिलिपिनो गृहस्थ होता, चेहरा पांढराफटक. सॉरी सर, सॉरी सर, एवढंच म्हणत होता. मी त्याला काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. डोळे फुटले का, अक्कल आहे का, पोलिसांत देतो, व्हिसा कसा राहतो बघतो. परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाला हे शेवटचं वाक्य कुठे लागतं ते मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच ते मी म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

प्रथमोपचाराच्या खोलीत नर्सने तिच्या हाताला फळी बांधली. हॉस्पिटलला न्यायचं होतं. बायको पार्किंगमधून गाडी दाराशी आणायला गेली. जाताना तिने माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे एकदा पाहिलं. मला एक फॉर्म देण्यात आला. नाव, वय, वेळ, आणि मग माझ्या ओळखीचा रकाना: काय घडलं?

असे फॉर्म मी आयुष्यात शेकड्यांनी भरले होते. बहुतेकांच्या तळाशी एकच वाक्य असायचं, कामगाराचं दुर्लक्ष. पेन टेकलं की ते हातातून आपोआप उतरायचं. मी लिहायला लागलो, मागून येणाऱ्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे. ते नियमाला धरूनच होतं. पुढच्याला चुकवायची जबाबदारी मागच्याची, पाटीवरच लिहिलं होतं. माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकलं नसतं.

शिकवणारा दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, “सर, वो मुड़ रही थी. उस आदमी को उसने आपसे पहले देख लिया था.”

मी म्हणालो, “आपको क्या मालूम?”

“मैं पीछे था, सर. उसका कंधा घूम चुका था.” तो दोन पावलं आत आला. “सीटी किसने बजाई?”

मी फॉर्मवर मान घातली. शिट्टी मी जाकिटाच्या आत सारली होती. खाटेवरून मुलगी म्हणाली, “नोबडी. आय जस्ट स्टॉप्ड. इट वॉज माय फॉल्ट.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग बाहेर गेला. दहा वर्षांची मुलगी बापासाठी खोटं बोलली होती, आणि बापाने ते बोलू दिलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. “असं का म्हणालीस?”

“बिकॉज यू लुक्ड स्केअर्ड.”

“तुझी काही चूक नव्हती. मागे कोणी आहे हे तुला कसं कळणार?”

तिने माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. “आय न्यू, बाबा. आय हर्ड हिम. बोर्डचा आवाज येतो ना, खर्र खर्र. ही वॉज व्हेरी क्लोज.”

“मग?”

“मग तू शिट्टी वाजवलीस.”

त्या क्षणाला मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला भीती वाटली, आणि ती मनगटाची नव्हती. मागून माणूस येतो आहे हे तिच्या कानांनी तिला सांगितलं होतं. खाली पडलेला माणूस तिच्या डोळ्यांनी हेरला होता, आणि वळायला तिने खांदाही फिरवला होता. आणि हे सगळं बाजूला ठेवून ती माझ्यासाठी थांबली होती. पाच वर्षं मी वाळूत उभा राहून तिला हेच शिकवत होतो आणि त्याला काळजी म्हणत होतो.

मी फॉर्मवरचं वाक्य खोडलं. वडिलांनी शिट्टी वाजवली, असं लिहिलं. वडिलांनी लावलेल्या सवयीमुळे मुलगी उताराच्या मध्यावर थांबली. मागच्या व्यक्तीला टाळायला वेळ नव्हता. मग सही केली. इतक्या वर्षांत मी भरलेला हा पहिलाच खरा फॉर्म असावा.

तो फिलिपिनो गृहस्थ बाहेर बाकावर बसला होता, बूटही काढले नव्हते. मला बघून तो उठून उभा राहिला. मी त्याला सांगितलं की चूक माझी होती, पोलीस वगैरे काही नाही, मी जे बोललो ते बोलायला नको होतं. त्याला ते खरं वाटायला वेळ लागला. मग त्याने एवढंच विचारलं, “शी ओके, सर? युवर बेबी ओके?” आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही.

परत आलो तेव्हा मुलगी फळी बांधलेला हात मांडीवर घेऊन छताकडे बघत होती. बायकोचा फोन आला होता, गाडी दाराशी लागली होती. मी मुलीच्या पायातले ते जड बूट काढायला खाली बसलो.

तिने मराठीत विचारलं, “बाबा, मग पुढच्या वेळी मी थांबायचं की नाही?”

पुढच्या वेळी, असं ती म्हणाली हे माझ्या उशिरा लक्षात आलं. नियम सांगणं हा माझा धंदा. मी बूट हातात घेऊन तसाच बसून राहिलो आणि मला एकही सुचेना.

“ते तू ठरव,” मी म्हणालो. “तुला काय दिसतंय, काय ऐकू येतंय, त्यावरून.”

तिने बराच विचार केला. कपाळाला आठी पडली. तिला ते मुळीच आवडलं नव्हतं.

“दॅट्स नॉट अ रूल, बाबा.”