सरळ दिसणारी प्लेट

मानपाड्याला आमची छोटी प्रेस होती. बाबांची सगळी हयात खिळे जुळवण्यात गेलेली. शिशाची उलटी अक्षरं ते आपण पेपर वाचतो तशी वाचायचे. त्यांच्या मागे लागून लागून मी सेकंडहँड ऑफसेट मशीन घ्यायला लावलं. हो म्हणाले, पण एका अटीवर: पहिलंच काम बिघडलं तर मशीन परत जाणार आणि मी गुपचूप नोकरी बघायची. नोकरी! माझं डोकंच फिरलेलं.

पहिलं काम खाडीकडच्या एका कोळी काकांचं, मुलीच्या लग्नाची पत्रिका. पहिली प्रत गावदेवीपुढे ठेवायची म्हणून काका सकाळीच येऊन बाकावर बसलेले. मी वागळे इस्टेटहून प्लेट करून आणली. बाबांनी ती उजेडात धरली आणि भडकले. अक्षरं सुलटी म्हणजे छपाई उलटी येणार, एवढंही कळत नाही का, म्हणाले. मी परोपरीनं सांगितलं. प्लेटवर पाणी फिरतं, अक्षरं तेवढी पाणी धरत नाहीत, म्हणून शाई तिथेच बसते. आणि प्लेट कागदाला शिवतच नाही. आधी रबरावर छाप उमटतो, तो उलटा. रबरावरून कागदावर येतो, तो सुलटा. पण ऐकतील तर शपथ! स्वतः वागळेला गेले आणि प्लेट जिच्यावरून उठते ती फिल्म पलटून दुसरी प्लेट करून आणली.

तोवर मी नुसत्या येरझारा घालत होते. चहा केला, तो निवला. मशीनला तेल दिलं, पुन्हा दिलं. झालं का गं पोरी, असं काकांनी विचारलं तर त्यांच्यावरही खेकसले.

बाबांची प्लेट मी मुकाट चढवली. पहिला कागद बाहेर आला तो पार उलटा, आरशात दिसावा तसा. सांगितलं होतं ना, हे माझ्या अगदी ओठांवर आलेलं.

बाबांनी कागद उचलला. वधूचं नाव, वराचं, मुहूर्त, आप्तेष्टांची रांग, सगळं न अडखळता मोठ्यानं वाचलं आणि खूश होऊन कागद काकांच्या हातात दिला. काकांनी कागद वर केला, खाली केला, फिरवून बघितला.

"दादा, मना तं काय वाचता येत नाय," ते म्हणाले.

बाबांनी कागद परत घेतला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग मला हळूच विचारलं, "यात काय चुकलंय गं?"

इतका वेळ तावातावानं भांडणारी मी, मला रडूच यायला लागलं. मी काकांकडे वळले.

"बाबांचं बरोबर आहे, काका. मशीनच बिघडलंय."