शोभाताईंचा मीटरजवळचा फोटो

देवराव रामटेके यांची सगळी नोकरी लोकांच्या दारात गेली, पण कोणाच्या घरात ऐसपैस बसण्याची पाळी त्यांच्यावर फार क्वचित आली. विजेच्या मीटरचं रीडिंग घेणं हे त्यांचं काम. आधी महाल भागातल्या गल्ल्या, मग इंदोऱ्याकडच्या वस्त्या. भर दुपारी अख्खं नागपूर कुलरसमोर आडवं झालेलं असायचं, आणि हा गृहस्थ डोक्याला दुपट्टा गुंडाळून या दारातून त्या दारात. गल्लीतली कुत्री त्यांना ओळखायची आणि तरीही भुंकायची. देवरावांना त्याचा राग नव्हता. ज्याची त्याची ड्युटी, असं ते म्हणत.

मग कंपनीचा नवा नियम आला. रीडिंग नुसतं लिहून चालणार नाही, मीटरचा फोटोही काढा. देवरावांच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला आणि त्या फोनने त्यांचं आयुष्यच जरा वाकडं केलं. दुपारी घरी असतात त्या बायका, त्यातही म्हाताऱ्या. कोणीतरी एक दिवस म्हणालीच, "मीटरचा फोटो काढून राहिले, माझा बी काढा ना गा भाऊ. मी का मीटरपेक्षा वाईट दिसतो?" देवरावांनी काढला. मीटर दाराशी असतो, दाराशी उजेड चांगला असतो, त्यामुळे फोटो झकास आला. ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ! पुढे देवराव आले की बायका केस विंचरून मीटरजवळ उभ्या राहू लागल्या. त्यांच्या प्रत्येक फोटोत एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला मीटर. ज्याचा फोटो त्याला ते व्हॉट्सॲपवर पाठवून देत. आणि घरी आल्यावर इंटरनेटवरच्या आपल्या फुकटच्या ब्लॉगवर तो टाकून खाली चार ओळी लिहीत. ही बाई भिवापूरची, हिच्या हातचा ठेचा खाल्ला की कानातून वाफा निघतात, असलं काहीतरी. लोक वाचत, हसत, एकमेकांना पाठवत.

फोटो ठेवायला मात्र त्यांनी दुसरी एक फुकटची जागा धरली होती. फोटो त्या साइटवर, लिखाण ब्लॉगवर, आणि मधे नुसता दुवा. फोन कायम भरलेला, म्हणून फोटो चढवला की ते फोनमधून पुसून टाकत. साइटवर गेलं म्हणजे तिजोरीत गेलं, अशी त्यांची समजूत. आपल्यापैकी किती जणांची नाही?

इंदोऱ्याच्या शोभाताई गजभिये या सगळ्यात कधी नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला कोड होतं, कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरं. लग्नाकार्यात फोटोवाला पुढे आला की शोभाताई स्वयंपाकाकडे निघून जात. त्यांचा एकुलता एक मुलगा उन्मेष, त्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये आईचा फक्त हात आहे, ताट धरलेला. देवरावांनी त्यांना कधी विचारलं नाही. रीडिंग घ्यायचं, पाणी प्यायचं, निघायचं.

एक दिवस त्याच म्हणाल्या, "भाऊ, माझा काढता का?"

देवराव गडबडले. "काढतो ना ताई. काहून नाही काढणार?"

शोभाताईंनी डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि मीटरजवळ शाळेतल्या पोरीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. देवराव म्हणाले, "ताई, तुमच्यापेक्षा मीटर जास्त खुश दिसून राहिला," आणि शोभाताई हसल्या. तोंडावर हात न घेता हसल्या. नेमका तेव्हाच त्यांनी फोटो घेतला.

त्यांनी तो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मग अट घातली. "मी जित्ती आहो तवर हा कोणाले दाखवाचा नाही. मलेही पाठवू नका, माझा फोन नातवाच्याच हातात राहते. मी गेल्यावर उन्मेषले द्या. त्याच्या घरी मायचा एक तरी धड फोटो पाहिजे का नाही?"

"तुमी निश्चिंत राहा ताई," देवराव म्हणाले. आणि त्यांनी शब्द पाळला. फोटो त्या साइटवर इतरांबरोबर चढवला, पण त्याचं पान ब्लॉगवर कधी उघडं केलं नाही. बायकोलासुद्धा दाखवला नाही.

पुढे देवराव निवृत्त झाले, बायको वारली, आणि ते मनीषनगरला मुलाकडे, प्रीतमकडे राहायला आले. सून मेघा घरी बसून लोकांच्या वेबसाइटी बनवून देते. सासऱ्याचा ब्लॉग पाहून ती हळहळली. चहूबाजूंनी जाहिराती, अक्षरं एकमेकांवर चढलेली. "बाबा, तुमच्या नावाची स्वतःची साइट करू," ती म्हणाली, आणि तिनं मनावर घेऊन केलीसुद्धा. एका संध्याकाळी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "घ्या, झालं शिफ्ट. लिखाण सगळं आलं. फोटो मात्र अजून जुन्या ठिकाणाहूनच येऊन राहिले, ते रविवारी इकडे आणते."

यातलं 'झालं शिफ्ट' देवरावांनी ऐकलं. पुढचं ऐकायला ते जागेवर होते कुठे! ते चष्मा वर करून आपली माणसं पाहत होते. सगळे फोटो जिथल्या तिथे. शोभाताईंचं झाकलेलं पानही त्यांनी हळूच उघडून पाहिलं. आहेत, हसताहेत. नव्या घराच्या भिंतीला नुसती खिडकी आहे, आणि त्या खिडकीतून जुन्याच घरातले फोटो दिसताहेत, हे त्यांना कसं कळावं?

आणि इथे देवरावांमधला मीटरवाला जागा झाला. उभी नोकरी त्यांनी भाडेकरूंना एकच प्रवचन दिलं होतं. घर सोडलं की शेवटचं रीडिंग घ्या, अर्ज करा, जुनं कनेक्शन बंद करा. नाही तर तुमच्या नावावर दुसराच कोणी हीटर लावते आणि तुमी बसता बोंबलत. अशी घरं त्यांनी पाहिली होती. मग स्वतः घर सोडल्यावर जुनं खातं उघडं टाकणारा माणूस ते नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, शांतपणे, त्यांनी ब्लॉग बंद केला आणि फोटोंच्या साइटवरचं खातंही बंद करायला घेतलं. साइटनं विचारलं, नक्की का? त्यांनी 'हो' दाबलं. साइटनं पुन्हा बजावलं, काही परत मिळणार नाही. देवरावांना त्या साइटचं कौतुकच वाटलं. कंपनीनंही लोकांना असंच दोनदा विचारलं पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी पुन्हा 'हो' दाबलं.

घात लगेच दिसला नाही, हा आणखी एक घात. नवी साइट ते फोनवरही उघडून पाहत, आणि फोननं ती चित्रं आपल्या पोटात साठवून ठेवली होती, म्हणून ती दिसत राहिली. मग एक चौकोन कोरा दिसला. देवरावांना वाटलं, फोनच मंद झाला. फोन मंद झाला की झाडूचं चित्र असलेलं बटण दाबायचं, हे त्यांना दुकानदारानं शिकवलेलं. त्यांनी दाबलं. फोन लखलखीत साफ झाला, आणि त्याच्या पोटात जे काही उरलं होतं तेही गेलं.

रविवारी मेघा फोटो आणायला बसली आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, जुन्या साइटले काही केलं का तुमी?"

"बंद केली ना," देवराव अभिमानानं म्हणाले. "घर सोडलं तं कनेक्शन बंद करावं लागते."

मेघानं कपाळाला हात लावला. मग सासऱ्याकडे पाहून तो हात तिनं काढून घेतला, आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. देवराव ऐकत होते.

"मग आता?"

"त्यांले लिहून पाहते."

तिनं लिहिलं. उत्तर आलं, तेही इतक्या चटकन की ते माणसाचं नाही हे देवरावांनाही कळलं. आपल्या अडचणीबद्दल आम्हाला खेद आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा खेद. फोन नंबर कुठे नाही, ऑफिसचा पत्ता नाही, साहेब नाही. नोकरीत देवरावांनी संतापलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. दारात उभं राहून शिव्या घालणारी, बिल तोंडावर फेकणारी. तेव्हा ते मनात हसत. आता त्यांना वाटलं, निदान शिव्या खायला मी तरी दारात उभा होतो. इथे दारच नाही, आपण डोकं आपटायचं तरी कशावर?

मेघा हुशार पोरगी. तिनं लोकांना निरोप धाडले, देवरावांनी पाठवलेला फोटो तुमच्या फोनमध्ये असेल तर परत पाठवा. आणि फोटो यायला लागले. महालातून आले, भिवापूरहून ठेचावालीच्या लेकीनं पाठवला. मेघा एकेक फोटो नव्या साइटवरच, आपल्या स्वतःच्या जागेत नीट ठेवत गेली. "बाबा, पहा ना, बहुतेक आले!" ती आनंदानं म्हणाली. देवराव हूं म्हणाले आणि भिंतीकडे पाहत बसले. शेवटी त्यांनी तिला शोभाताईंची गोष्ट सांगितली. मेघानं शोधता येईल तिथे सगळीकडे शोधलं. पण जे पान कधी जगाला दाखवलंच नाही त्याची नक्कल जगात कोणाकडे असणार? दिलेला शब्द इतका कडक पाळला म्हणूनच तो मोडला, आणि यात दोष कोणाला द्यावा हेही देवरावांना उमजेना. त्यांना नुसतं रडू येत होतं.

अशातच उन्मेषचा फोन आला. आई फार आजारी आहे, तुमची आठवण काढते.

देवराव गेले. शोभाताई खाटेवर होत्या, चेहरा सुजलेला, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. देवरावांच्या खिशात फोन होता. वाटेत त्यांनी ठरवलं होतं, खरं सांगायचं, माफी मागायची आणि म्हणायचं, ताई, अजून एक काढू द्या. पण त्या चेहऱ्याकडे पाहून फोनला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

शोभाताईंनी सुनेला चहाला पिटाळलं आणि विचारलं, "फोटो आहे ना भाऊ?"

देवराव म्हणाले, "आहे ताई."

"बरा सांभाळला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. देवराव चहा न घेताच उठले. रस्त्यात भर चौकात स्कूटर थांबवून ते उभे राहिले. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि यांना आपण कुठे निघालो होतो तेच आठवत नव्हतं.

शोभाताई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, आदल्या दिवशी उन्मेषचा पुन्हा फोन. "काका, आईनं जाताना सांगतलं, तुमच्यापाशी तिचा फोटो आहे म्हणून. मी फ्रेम घेऊनच ठेवली. तुमी फोटो मेघावहिनीले पाठवाले सांगता का घेऊन येता?"

"येतो मी," एवढंच देवरावांना म्हणता आलं.

मेघा सोबत येते म्हणाली. नको म्हणाले. प्रीतम म्हणाला, फोनवर सांगून टाका. तेही नको म्हणाले. सकाळी पांढरा सदरा घालून ते एकटेच इंदोऱ्याला गेले. माणसं अजून जमायची होती. पुढच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड, त्यावर तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, आणि बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली नवीकोरी रिकामी फ्रेम. तिच्या काचेवर फुलवाल्याकडून आणलेला हार आधीच घालून ठेवला होता.

उन्मेष पुढे आला. त्यानं देवरावांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं.

देवरावांनी सगळं सांगितलं. खातं, बटण, खाटेजवळ बोललेलं खोटं, काही ठेवलं नाही. त्यांना वाटत होतं, यानं आता ओरडावं, दोन थोबाडीत द्याव्या. उन्मेष यातलं काहीच करेना. तो हार सारखा करत उभा राहिला.

"आधार कार्डावरचा मोठा करून आणतो मंग," तो म्हणाला. "त्यात डोळे वटारलेले आहे तिचे. चालते."

"मले माफ कर गा पोरा."

"जाऊ द्या काका. तुमी का मुद्दाम केलं?" तो दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. मागे न वळता त्यानं विचारलं, "त्या फोटोत कशी दिसून राहिली होती ती?"

"हसून राहिली होती," देवराव म्हणाले. "पदर नव्हता डोक्यावर. तोंडावर हात नव्हता."

उन्मेष वळला. आतल्या दारात त्याची बायको माया ट्रे घेऊन उभी होती. तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "ऐकून राहिली का वं? आई हसली होती म्हणे."