मालनआत्याने लावलेला बोल

"ग्रहणात विळीवर बसलीस आणि पोरीच्या डोळ्यांची वाट लावलीस," हे मालनने सुनेला पाच वर्षं ऐकवलं. नात मनस्वी उन्हात डोळे गच्च मिटायची, तिला जास्वंदीचं फूल आणि पान एकाच रंगाचं वाटायचं. का, ते मंडणगडाजवळच्या त्यांच्या वाडीत घरोघरी ठाऊक होतं. मालननेच सांगितलं होतं.

सून नम्रता म्हणजे तिची सख्खी भाची, धाकट्या भावाची, धाकूची लेक. 'भावाची पोर परक्या घरी कशाला?' म्हणत मालननेच हट्टाने तिला आपल्या मुलासाठी, दर्शनसाठी करून घेतली होती.

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचला. "हिला कुठलाच रंग दिसत नाही. सगळं काळं, पांढरं, करडं. जन्मापासूनच."

"बाई, ग्रहणात हिनं..."

"आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी चालवणारं एक जनुक असतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक धड असली तरी भागतं. हिच्या आईबापाकडे एकेक बिघडलेली होती, हिच्या वाट्याला नेमक्या त्या दोन्ही आल्या. नात्यात लग्न झालं की ही शक्यता वाढते. घरात आधी कोणाला होतं?"

"आमच्या बाबांना, म्हणजे या आत्याच्या भावाला, उन्हात डोळे उघडवत नसत," नम्रता हळूच म्हणाली.

"मग तुम्हाला ते त्यांच्याकडून आलं. आणि आजी त्यांची बहीण. तुमच्या नवऱ्याला यांच्याकडून आलं असणार."

मालनच्या डोळ्यांपुढे आठ वर्षांचा धाकू उभा राहिला. पिकलेले लाल रातांबे आणायला धाडला, तर टोपलीभर हिरवे घेऊन आलेला. तिने शिमटी घेऊन त्याच्या पोटऱ्या सोलल्या होत्या. "डोळे फुटले काय रे मेल्या?"

"ताय, सगळे सारकेच दिसतात गो."

त्याला 'दिवाभीत' हे नावही तिनेच ठेवलं, ते जन्मभर चिकटलं. धाकूला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

बाहेरच्या बाकावर मालन म्हणाली, "नमू, चुकलं माझं."

नम्रताने लेकीवर छत्री धरली. "मला नको सांगू, आत्या. वाडीत सांग."

दुसऱ्या दिवशी नळावर मालनने शेजारच्या विमलाला सगळं सांगितलं. ग्रहण नाही, आपल्याच रक्तातलं आहे, आपणच ते दोन्हीकडून एकत्र आणलं.

विमलाने हंडा कमरेवर घेतला. "सुनेवर माया असावी, बरंच आहे. पण माझ्यापाशी कशाला झाकतेस? विळीवर बसलेली तूच बघितलीस ना?"

"बघितली गो, पण त्यानं काय होत नाय."

"आता नाय होत. पाच वर्षं होत होतं," विमला हसली आणि चालू लागली.

मालनचा हंडा भरून वाहत होता. तो तसाच टाकून ती पुढच्या घराकडे वळली. वाडीत अजून वीस घरं होती.