उत्तराची वाट पाहणारा

इंग्लंडमधल्या रीडिंग गावी माझ्या मुलीच्या शाळेच्या गेटवर तो गार्ड म्हणून उभा असायचा. जन्म इथलाच, आईवडील साताऱ्याचे. मला बघितलं की मोडकं मराठी काढायचा, ‘काका, आज थंडी लई जास्त झाला.’ प्रत्येक मुलाला नावानं गुड मॉर्निंग म्हणायचा आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचा. सीसीटीव्हीपेक्षा त्याचा या बघण्यावर जास्त भरवसा होता.

एका सोमवारी त्यानं मला बाजूला घेतलं. ‘तुमच्या मुलीच्या वर्गातला एक मुलगा चार दिवस मला उत्तर देत नाही. तुमची मुलगी काही बोलला का, काका?’

ती बोलली होती. त्या मुलानं पाठवलेला फोटो तिनं मला रविवारीच दाखवला होता. त्याच्या हातात पिस्तूल होतं. खरं की खेळण्यातलं, मी विचारलं नाही. इथं कायम राहण्यासाठी आमचा अर्ज गेलेला होता, पोलिसांत नाव यायला नको होतं. मुलीला मी गप्प बसवलं होतं. गार्डलाही म्हणालो, ‘नाही बुवा, काही कानावर नाही.’

गुरुवारी तो मुलगा पिस्तूल घेऊन गेटवर आला. गार्ड इतर मुलांच्या पुढं जाऊन उभा राहिला. गोळी त्याच्या उजव्या खांद्याला लागली.

आमचा अर्ज मंजूर झाला. त्याचा उजवा हात आता उचलला जात नाही. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, ‘तुम्हाला माहीत असता तर सांगितला असता ना, काका?’

मी ‘हो’ म्हणालो. तरी तो माझ्याकडे बघतच राहिला.