दुकान वाढवतेय, काय म्हणणं आहे?

मंडळी, आज सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या एका शब्दाने गोंधळ घातला.

अंबरनाथला शिवमंदिराजवळ, आमच्या बिल्डिंगच्या खालीच माझं बांगड्यांचं दुकान आहे. दुपारी मी ग्रुपवर लिहिलं, "माहेरी बदलापूरला हळद आहे, आज दुकान लवकर वाढवतेय."

थोड्याच वेळात नवे सेक्रेटरी मोजायची टेप घेऊन दारात! "ताई, परवानगीशिवाय फूटभरही वाढवायचं नाही."

शेजारचे कपडेवाले सिंधी काका पोट धरून हसले. "अरे साहब, दुकान बढाना मतलब शटर गिराना! हम भी यही बोलते हैं."

सेक्रेटरी ओशाळले, पण वर मलाच म्हणाले, "मग सरळ 'बंद' लिहा ना. असलं गावठी ग्रुपवर नको."

नाही लिहिणार! चालत्या दुकानाला बंद म्हणायचं नाही, हे आईने शिकवलंय. आमच्याकडे बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणतात. कळलं नाही तर विचारा, पण मला गप्प करू नका.

तुमच्या घरी म्हणतात का असं? लाजू नका, खाली लिहा.

मी तर त्यांच्यासमोरच शटर ओढलं आणि ग्रुपवर टाकलं, "दुकान वाढवलं. आता या मोजायला."